सपाता कुठं मेल्यात? ‘माय फेअर लेडी’च्या शेवटाचं प्रकरण

शेवटचा प्रसंग. प्रोफेसर हेन्री हिगिन्स आपल्या अभ्यासिकेत एकटाच बसलाय. ज्या फुलवाल्या पोरीला त्याने सहा महिने घासूनपुसून सरदारघराण्यात शोभेल अशी बाई करून दाखवलं, ती इलायझा घर सोडून गेली आहे. ती पहिल्या दिवशी आली तेव्हा त्याने तिचा आवाज यंत्रावर घेऊन ठेवला होता. तोच तो आता पाठमोरा बसून ऐकतोय. तेवढ्यात मागून इलायझा येते. यंत्र बंद करते आणि मुद्रणातलं वाक्य स्वतःच, त्याच जुन्या रस्त्यावरच्या बोलीत म्हणते: येण्याआधी त्वांड धुतलंय म्या, हात बी धुतल्यात. हिगिन्सला आनंद तर झालाय, पण तो दाखवील तर शपथ. खुर्चीत मागे रेलून तो टोपी डोळ्यांवर ओढतो आणि विचारतो, “इलायझा? माझ्या सपाता कुठं मेल्यात?”

१९५६च्या संहितेत यापुढे फक्त रंगसूचना आहे. इलायझाच्या डोळ्यांत पाणी येतं, तिला त्याच्या मनातलं कळतं, आणि पडदा सावकाश पडतो. संपलं.

न्यूयॉर्कच्या व्हिव्हियन बोमाँट थिएटरात एप्रिल २०१८मध्ये हेच नाटक पुन्हा उभं राहिलं, तेव्हा संवाद हेच होते. सपातांचं वाक्यही झालं. मग इलायझा पुढे आली, तिने हिगिन्सच्या गालावर हात ठेवला. मायेने, घाई न करता. आणि वळून ती रंगमंचावरून खाली उतरली, प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने मान ताठ ठेवून चालत गेली आणि दाराबाहेर पडली. हिगिन्स त्याच्या घरात तसाच उभा राहिला.

सबंध प्रकरण एवढंच आहे. पंचवीस-तीस पावलांचं. पण जुनं संगीत नाटक आजच्या माणसांसमोर आणताना काय हलवता येतं आणि काय नाही, हे या पावलांइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं. म्हणून ते नीट उलगडून बघू.

दिग्दर्शक होता बार्टलेट शेर. लिंकन सेंटर थिएटर या ना-नफा संस्थेसाठी याच रंगमंचावर त्याने आधी ‘साउथ पॅसिफिक’ (२००८) आणि ‘द किंग अँड आय’ (२०१५) ही जुनी संगीतकं बसवली होती. जुन्याला हात कसा लावायचा याचा त्याला सराव होता. पण ‘माय फेअर लेडी’ जास्त अवघड. एक तर हे नाटक लोकांना तोंडपाठ. दुसरं म्हणजे काळ. ऑक्टोबर २०१७पासून ‘मी टू’ची लाट उसळलेली होती, वर्तमानपत्रात रोज एका मोठ्या माणसाचं नाव येत होतं. आणि इकडे एक प्रौढ विद्वान एका गरीब पोरीला घरात आणून ठेवतो, तिच्यावर पैज लावतो, तिला ओरडतो, बाई पुरुषासारखी का नसते असं गाणं म्हणतो, आणि अखेर ती परत येऊन त्याच्या सपाता शोधणार! तिकीट काढून आलेल्या बाईने हे कोणत्या तोंडाने गोड मानून घ्यायचं?

मात्र शेरने नव्या काळासाठी जुन्याचा गळा दाबला, असं जे म्हणतात त्यांना या नाटकाची पूर्वपीठिका ठाऊक नसावी. या शेवटावरचं भांडण नाटकाएवढंच जुनं आहे.

शॉची डोकेदुखी

‘माय फेअर लेडी’ ज्या गद्य नाटकावर बेतलं ते ‘पिग्मॅलियन’ जॉर्ज बर्नार्ड शॉने लिहिलं १९१२मध्ये. पहिला प्रयोग झाला तो लंडनला नव्हे, व्हिएन्नाला, जर्मन भाषेत, ऑक्टोबर १९१३मध्ये. ११ एप्रिल १९१४ला ते लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात आलं. इलायझा झाली होती मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल. संहितेत इलायझा अठरा-वीसची, बाईंचं वय त्या वेळी ४९. हिगिन्स झालेले हर्बर्ट बीरबोम ट्री एकसष्ट वर्षांचे. आपल्याकडे संगीत नाटकाला येणारा रसिक यावर अजिबात बिचकणार नाही. मिशी काढलेले पन्नाशीचे पुरुष नायिका म्हणून आपण डोक्यावर घेतले आहेत.

शॉच्या मते हे नाटक उच्चारांचं होतं, वर्गाचं होतं, आणि शिकून स्वतःच्या पायावर उभं राहणाऱ्या मुलीचं होतं. प्रेमकथा तर मुळीच नव्हती. मूळ शेवटी इलायझा निघून जाते. हिगिन्स तिला जाता जाता हातमोजे-टाय आणायची कामं सांगतो, आणि ती येणारच अशा खात्रीत एकटा हसत राहतो. ट्रींना हे रुचेना. त्यांनी पडदा पडायच्या क्षणी इलायझाच्या दिशेने फूल फेकायला सुरुवात केली. प्रेक्षक खूश. शॉने पुढे जाऊन हे पाहिलं आणि तो भडकला. माझ्या शेवटाने गल्ला भरतो, तुम्ही आभार मानायला हवेत, असं ट्रींचं म्हणणं. तुमचा शेवट भिकार आहे, तुम्हाला गोळी घालायला हवी, हे शॉचं उत्तर.

नटाने एक फूल फेकलं आणि नाटककाराचं नाटक उलटं झालं. शब्द इथेही बदलला नव्हता, हे ध्यानात ठेवा.

शॉने मग आयुष्यभर या शेवटाला कड्या घातल्या. १९१६च्या छापील आवृत्तीला त्याने लांबलचक उपसंहार जोडला: इलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडी या तरुणाशी लग्न करते, दोघं फुलांचं दुकान काढतात, सुरुवातीला धंदा बसतो, हिगिन्सचे स्नेही कर्नल पिकरिंग पैसे पुरवतात, हळूहळू घडी बसते. सगळा हिशेब दिलाय. नाटककार आपल्याच पात्राचा जमाखर्च मांडून सांगतोय की बाबांनो, हिने त्याच्याशी लग्न केलं नाही हो! तरीही १९३८ साली गेब्रिएल पास्कलने चित्रपट काढला तेव्हा शेवटी वेंडी हिलरची इलायझा परत आली आणि लेस्ली हॉवर्डचा हिगिन्स तिला सपातांचं विचारता झाला. सपातांचं वाक्य तिथलं. शॉला हा बदल कळला तोवर चित्रपट तयार होता. आणि गंमत अशी की याच चित्रपटाच्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. १९४१च्या आवृत्तीत त्याने नाटकाच्या अखेरच्या ओळी पुन्हा बदलल्या आणि हिगिन्सच्या तोंडी घातलं की इलायझा फ्रेडीशी लग्न करणार आहे. त्यावर हिगिन्स खो खो हसतो.

१९५० साली शॉ गेला. तो असेपर्यंत ‘पिग्मॅलियन’चं संगीतक करायला त्याने कोणाला दिलं नाही. त्याच्या ‘आर्म्स अँड द मॅन’वरून ‘द चॉकलेट सोल्जर’ नावाची ऑपेरेटा झाली होती, तिची त्याने जन्माची धास्ती घेतली होती.

गाण्यांनी केलेला निकाल

त्याच्या पश्चात बऱ्याच जणांनी हात घालून पाहिला. रॉजर्स आणि हॅमरस्टाइनसारख्या जोडीने नाद सोडून दिला. अडचण उघड होती. उपकथानक नाही, समूहगीताला जागा नाही, आणि मुख्य म्हणजे प्रेम नाही. संगीतकाला लागणारं सगळंच नाही. अॅलन जे लर्नर (गीतं आणि संहिता) आणि फ्रेडरिक लो (संगीत) यांना अखेर वाट सापडली ती साधी होती: शॉने दोन अंकांच्या मधे जे झाकून ठेवलं होतं ते उघड दाखवायचं. शिकवणी, अॅस्कॉटची घोड्यांची शर्यत, नृत्यसमारंभ. मॉस हार्टच्या दिग्दर्शनाखाली १५ मार्च १९५६ला मार्क हेलिंगर थिएटरात पहिला प्रयोग झाला. ज्युली अँड्रूज २० वर्षांची, रेक्स हॅरिसन ४८ वर्षांचा. प्रयोग झाले २,७१७. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तोवर कोणतंच संगीतक इतकं चाललं नव्हतं.

छापील संहितेच्या सुरुवातीला लर्नरने एक खोडकर टीप दिली आहे: शॉचा उपसंहार मी गाळला, कारण शॉ आणि स्वर्ग मला क्षमा करोत, पण त्याचं बरोबर होतं याची मला खात्री नाही. मला ही टीप फार आवडते. त्यात मुजोरी नाही आणि माघारही नाही.

पण खरा निकाल टिपेने नाही, चालींनी लावला. शिकवणीत पहिल्यांदा उच्चार जमतो, तिघं सोफ्यावर नाचतात, आणि लगेच इलायझाला झोप येत नाही, ती रात्रभर नाचले असते असं गाते. संहितेत त्या क्षणी प्रेमाचा एक शब्द नाही. मात्र लोने तिथे जी चाल दिली आहे ती ऐकल्यावर कोणी शेंबडं पोरही सांगेल की ही पोरगी प्रेमात पडली. शॉ पानापानांतून जे नाकारत होता ते वाद्यवृंदाने दोन मिनिटांत मान्य करून टाकलं. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. नाट्यपदातले शब्द कुणाला नीट आठवत नाहीत, चाल मात्र रक्तात असते, आणि पात्राचा स्वभाव आपण चालीवरूनच ठरवलेला असतो.

शेरपुढचं कोडं नेमकं हेच होतं. शॉकडे परत जायचं ठरवलं तरी लो वाटेत उभा.

तालमीत काय हललं

पहिली गोष्ट हलली ती वय. शेरने इलायझासाठी लॉरेन अँब्रोझ घेतली, वय ४०. हिगिन्ससाठी हॅरी हॅडन-पेटन, वय ३७. चाळीस-पन्नाशीचा बाप्या आणि कोवळी पोर हे जे समीकरण हॅरिसनपासून पक्कं बसलं होतं (१९८१च्या पुनरुज्जीवनात तर हॅरिसन ७३ वर्षांचा होता) ते नटसंच जाहीर झाला त्याच दिवशी मोडलं. वडीलधाऱ्याने लहान मुलीला झापणं वेगळं. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या बाईला झापणं वेगळं. दुसऱ्यात त्याचं वय आड येत नाही, त्यामुळे उर्मटपणा उघडा पडतो. शिवाय हॅडन-पेटनचा हिगिन्स हा आईचा लाडावलेला, हट्टी, वाढ खुंटलेला मुलगा वाटतो. ‘बाई पुरुषासारखी का नसते’ हे गाणं पूर्ण ठेवलं, एक ओळ कापली नाही. पूर्वी प्रेक्षक हिगिन्सबरोबर हसत होते, आता त्याला हसायला लागले. गाणं तेच, पण खुर्चीत बसलेला माणूस दुसऱ्या बाजूला सरकला.

दुसरी गोष्ट घर. मायकेल यिअर्गनने हिगिन्सचं घर फिरत्या रंगमंचावर उभं केलं. अभ्यासिका, गोल जिना, दिवाणखान्याबाहेरचा भाग, न्हाणीघर, सगळं एकाला एक लागून. रंगमंचाच्या खोल काळोखातून हे घर पुढे सरकत यायचं. बोमाँटचा रंगमंच प्रेक्षकांत घुसलेला आहे, तीन बाजूंनी माणसं बसतात. घर फिरत असताना इलायझा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते आणि आपण तिच्या मागे मागे जातो. सपाट पडद्यावर रंगवलेली अभ्यासिका असती तर ते हिगिन्सचं घर राहिलं असतं. इथे ती वास्तू इलायझा धुंडाळते, कधी वाट चुकते, कधी दारामागे उभी राहून आतलं ऐकते. आणि शेवटी ती बाहेर पडते तेव्हा ‘बाहेर’ म्हणजे काय हे प्रेक्षकाला कळतं, कारण तो अडीच-तीन तास तिच्यासह आत होता. शेवटची चाल खुर्च्यांमधून व्हावी हे या रंगमंचाला शोभलंही. पडद्याच्या चौकटीच्या थिएटरात पात्र विंगेत जातं म्हणजे नाटकातच राहतं. प्रेक्षकांतून गेलं की ते आपल्या अंगावरून जातं.

नृत्यसमारंभाहून परतल्यावरचा प्रसंग इथे आठवतो. ‘यू डिड इट’ या गाण्यात पिकरिंग हिगिन्सची वाहवा करतो, नोकरचाकर ताल धरतात, सगळे म्हणतात तुम्हीच केलंत, आणि इलायझा कोपऱ्यात दागिने घालून उभी. तिला कोणी विचारत नाही. हे १९५६पासून असंच लिहिलेलं आहे. लर्नर भोळा नव्हता. शेरने फक्त आपली नजर कोपऱ्यातून हलू दिली नाही. त्या गाण्यानंतर ती हिगिन्सवर सपाता फेकून मारते, तेव्हा थिएटरात कोणाला नवल वाटत नाही. शेवटचा सपातांचा प्रश्न या फेकीला चिकटलेला आहे, हे सोडून वाचलं तर तो नुसता नवरेशाही विनोद ठरतो.

तिसरी गोष्ट रस्ता. नाटक घडतं १९१२च्या लंडनमध्ये, आणि त्या रस्त्यांवर तेव्हा मताधिकारासाठी झगडणाऱ्या बायकांचे मोर्चे निघत होते. ४ जून १९१३ला एप्समच्या शर्यतीत एमिली डेव्हिसन राजाच्या घोड्यापुढे गेली आणि चार दिवसांनी मेली. शेरने गर्दीच्या दृश्यात फलक घेतलेल्या बायका आणल्या. कोणी म्हणालं, हे आजचं राजकारण घुसवणं झालं. मला उलट वाटतं. अॅस्कॉटच्या गाण्यात सगळे श्रीमंत करड्या-पांढऱ्या कपड्यांत पुतळ्यासारखे उभे राहतात आणि कोणाची पापणी लवत नाही, त्याच वर्षांत दुसऱ्या मैदानावर एक बाई घोड्याखाली गेली. इतिहास तिथे होताच, १९५६ने तो बाहेर ठेवला होता. मात्र इलायझाच्या बापाच्या ‘गेट मी टू द चर्च’ या धिंगाण्यात पुरुष नर्तक झगे घालून कॅन-कॅन करतात, ते मला उगीच वाटतं. टाळ्या घेऊन जातं, गोष्टीला काही देत नाही.

वाद्यवृंदावर मात्र शेरने काटकसर केली नाही. २९ वादक, आणि रॉबर्ट रसेल बेनेट व फिलिप लँग यांचं मूळ वाद्यमेळ. सिंथेसायझरवर भागवायच्या दिवसांत ही चैन म्हणायची. पण मला त्यात डावपेच दिसतो. संगीत जुनं, भरगच्च, एक सूर न हलवता ठेवलं, की जुन्या रसिकाला पहिल्या दहा मिनिटांत खात्री पटते की आपलं नाटक शाबूत आहे. मग त्याच्या देखत घर फिरवता येतं.

जे जमलं नाही

शेवट मला पटतो का? पूर्ण नाही, आणि त्याचं कारण शेर नाही.

दुसऱ्या अंकात इलायझाचं शेवटचं गाणं ‘विदाउट यू’. तुमच्यावाचून जग अडत नाही, असं ती हिगिन्सला ठणकावून सांगते. त्यानंतर तिला गाणं नाही. पुढचं सबंध मोठं गाणं, तिच्या चेहऱ्याची सवय झाली म्हणणारं, रस्त्यातून एकटा चालत हिगिन्स म्हणतो. चिडतो, सूडाची स्वप्नं रंगवतो, मग विरघळतो. संगीतकात ज्याला शेवटचं मोठं गाणं, त्याचं मन आपण शेवटी घेऊन बसतो. १९५६ची घडण अशी आहे की अखेरच्या दहा मिनिटांत नाटक हिगिन्सच्या आत शिरतं, आणि इलायझा आपल्याला बाहेरून दिसते. मग ती परत का आली, आणि आली तर गाल कुरवाळून का गेली, हे सांगायला दिग्दर्शकाच्या हाती काय उरतं? हात आणि पाय. अँब्रोझने त्या दोनच गोष्टींवर निभावलं. पण खाली बसलेल्यांपैकी अर्ध्यांना वाटलं ती मुक्त झाली, आणि उरलेल्यांना वाटलं, जायचंच होतं तर आली कशाला. दोघंही बरोबर. तिच्या पावलांखाली वाद्यवृंद अजून गोडच वाजत होता.

ज्यांना हे अधांतर चालत नाही ते शब्दांना हात घालतात. त्याच मोसमात ‘कॅरोसेल’ हे जुनं संगीतक पुन्हा आलं. मारही न लागल्यासारखा वाटू शकतो असं सुचवणाऱ्या त्यातल्या जुन्या संवादाला कात्री लागली. २०१९ला ‘किस मी, केट’ आलं, त्यात अमांडा ग्रीनने शब्द बदलले. शेवटच्या गाण्यात बायका किती बावळट याची लाज वाटते असं होतं, तिथे ‘माणसं’ आली. एक शब्द बदलला आणि अडचण मिटली. मिटली खरी, पण त्यासोबत त्या गाण्यातला काटाही गेला. काटा बोचत असेल तर तो काढायचा की बोचतोय हे दाखवायचं, हा दिग्दर्शकाच्या पिंडाचा प्रश्न. शेरचा पिंड दुसरा.

आपल्याकडे पुनरुज्जीवन म्हटलं की पहिली बाहेर निघते ती कात्री. त्याला इलाज नाही. ‘सौभद्रा’त शंभराच्या वर पदं आहेत, रात्र संपली तरी नाटक संपायचं नाही. आता नाट्यगृह तीन तासांनी रिकामं करून द्यावं लागतं. एका हौशी मंडळात मी तालमींना बसत असे, तिथे पदं कापायच्या बैठका नाटकापेक्षा रंगत. ऑर्गनवाले काका प्रत्येक पदावर हात ठेवून म्हणायचे, “हे गेलं तर मी बी जातो.” शेवटी जी पदं उरली ती कथेला लागणारी नव्हती, गाजलेली होती. सुभद्रा रुसते का हे कळायला जे पद हवं ते गेलं, आणि वन्समोअर घेणारं राहिलं. चालीच्या बाबतीत मात्र आपण ब्रॉडवेपेक्षा सैल होतो. १९११च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, आणि पुढे मास्टर दीनानाथांनी धैर्यधराची पदं आपल्या चालीत म्हटली. आज दोन्हीकडचे लोक आपलीच चाल मूळ समजतात आणि कोणाचं बिघडत नाही. ब्रॉडवेवर हक्कदारांच्या परवानगीशिवाय एक स्वर इकडचा तिकडे होत नाही. शेरने पावलं हलवली त्यामागे हेही आहे. रंगसूचनेवर पहारा त्या मानाने ढिला असतो.

फुलराणीच्या घरी

मराठीत ही गोष्ट १९७५ साली ‘ती फुलराणी’ म्हणून आली. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या नाटकावरून ती लिहिली, मंजुळा झाली भक्ती बर्वे आणि प्रोफेसर सतीश दुभाषी. नाटक गद्य. पण मराठी माणसाला त्यातलं हमखास आठवतं ते ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे लयीतलं स्वगत. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये तशी जागा नाही. ती जागा संगीतकाची आहे: तिथे इलायझा हिगिन्सला ‘जस्ट यू वेट’ म्हणत त्याला भिंतीशी उभं करून गोळ्या घालवते. आपली सर्वांत लाडकी मंजुळा म्हणजे धडा शिकवायची स्वप्नं बघणारी मंजुळा. तिच्या बाबतीत सपातांची आठवण कोणी काढत नाही.

आणि मराठीला एक हत्यार आहे जे लर्नरकडे नव्हतं. शॉच्या नाटकात इलायझा पिकरिंगला सांगते की फुलवाली आणि बाईसाहेब यांत फरक ती कशी वागते याचा नाही, तिला कसं वागवलं जातं याचा आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी मला मिस डूलिटल म्हणालात, तिथून माझं शिक्षण सुरू झालं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, म्हणून हे तिला भाषण करून सांगावं लागतं. मराठीत एक ‘अहो’ पुरेल. शेवटी तो तिला ‘अगं’ म्हणतो की ‘अहो’, यावर अख्खा शेवट फिरवता येईल आणि कोणाला खुर्च्यांमधून चालावं लागणार नाही.

बोमाँटचा प्रयोग ७ जुलै २०१९ला थांबला, ५०९ प्रयोगांनंतर. ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांची नामांकनं दहा होती, बक्षीस एकच मिळालं, कॅथरिन झुबरला वेशभूषेचं. २०२२ला हीच मांडणी लंडनच्या कलिझिअममध्ये गेली. तिथे इलायझा होती अमारा ओकेरेके. वेस्ट एंडवर या भूमिकेत आलेली ती पहिली कृष्णवर्णीय नटी. हिगिन्स हॅडन-पेटनच.

एक नाव मुद्दाम मागे ठेवलं. न्यूयॉर्कला हिगिन्सच्या आईचं काम डायाना रिग करत होती. त्या वर्षी ती ऐंशीला टेकलेली. १९७४ साली लंडनच्या अल्बरी थिएटरात ‘पिग्मॅलियन’ झालं होतं तेव्हा इलायझा तीच होती. हिगिन्सच्या आईला या संगीतकात एकही गाणं नाही, मोजके संवाद आहेत. ‘विदाउट यू’ संपतं, इलायझा निघून जाते, आणि हिगिन्स भेदरलेल्या पोरासारखा आईला हाका मारत सांगतो की ती गेली. आई म्हणते, जाणारच की रे, तुला काय वाटलं होतं? तो पाय आपटत जातो. मग रंगमंचावर कोणी नसताना, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्याच पोरीच्या जागी उभी राहिलेली ती म्हातारी बाई एकटीच दाराकडे बघून म्हणते, “शाब्बास, इलायझा.”